दंश आणि दोष

कृतघ्न माणसाला आपण मराठीत 'दूध पाजून पोसलेला साप' म्हणतो. या बोलण्यात एक अन्याय दडलेला आहे. तो सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. सापाने दूध मागितलेले नसते. दूध हे त्याचे अन्नच नव्हे. जे त्याला नको होते ते आपण दिले, आणि त्याने आपल्या स्वभावाप्रमाणे दंश केला की उपकाराचा हिशेब मांडायला आपणच पुढे! प्राण्याच्या दंशाला दोष म्हणावे काय, आणि म्हणू नये तर दोष कोठे शोधावा, याचा थोडा विचार आम्ही येथे करू इच्छितो. निमित्त अगदी लहान आहे: हॅमस्टर नावाचा मूठभर प्राणी.

कळमना म्हटले की नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे बाजार समितीचे आवार उभे राहते. संत्र्यांचे ढीग, मिरचीची पोती, अडते, मापारी, हमाल. धान्य तेथे उंदीर, हे ओघानेच आले. त्याच्यासाठी सापळे लागतात, विषारी गोळ्या ठेवल्या जातात, आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. अशा वस्तीतल्या एखाद्या घरी मुलांच्या हट्टापायी त्याच उंदराचा दूरचा भाऊबंद, सोनेरी केसांचा हॅमस्टर, पिंजऱ्यातून येतो. दोन दिवस कौतुक होते. तिसऱ्या दिवशी तो मुलाच्या बोटाला कडकडून चावतो आणि निकाल लागतो: "दुष्ट आहे हा. एवढे खायला घालतो, तरी चावतो!"

असा निकाल या प्राण्याच्या वाट्याला पूर्वीही आला आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील सॉल अ‍ॅडलर हे शास्त्रज्ञ काळ्या आजाराच्या वर्गातील रोगांवर संशोधन करीत होते आणि त्यांना प्रयोगासाठी हॅमस्टर हवे होते. त्यासाठी 1930 साली प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी यांनी सीरियातील अलेप्पो शहराजवळच्या एका शेतातील खोल बीळ खणवले. आत एक मादी आणि तिची पिल्ले सापडली. सर्वांना एका पेटीत ठेवताच त्या मादीने जवळच्या पिल्लाला चावून ठार केले. हे पाहून अहरोनींच्या सहकाऱ्याने उरलेली पिल्ले वाचावीत म्हणून तिलाच विष देऊन मारले. वाचलेली पिल्ले अहरोनी पतिपत्नींनी हाताने दूध पाजून वाढवली. जगभरच्या घरांत आज जे सोनेरी हॅमस्टर पाळले जातात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ याच एका बिळापाशी जाते.

त्या मादीचा अपराध कोणता? तिचे घर खणून काढले गेले होते. भोवती प्रचंड आकाराचे परके जीव होते. भीतीने तिची जी अवस्था झाली, तिला आपण क्रौर्य हे नाव दिले. पिल्लांना वाचवण्याची धडपड आम्ही समजू शकतो. पण तिचे बीळ फोडणारे हात मात्र त्या दिवशी कुणाच्या हिशेबात आले नाहीत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

हॅमस्टर चावतो याची कारणे पाहिली की हाच हिशेब पुन्हा समोर येतो. हा निशाचर प्राणी आहे. आपला दिवस ही त्याची रात्र. त्यामुळे शाळेतून आलेले मूल त्याला भर झोपेतून उचलते. त्याची दृष्टी मंद आणि घ्राणेंद्रिय तीक्ष्ण. हाताला शेंगदाण्याचा वास असेल तर बोट आणि दाणा यांतला फरक त्याला कळत नाही. वरून झेपावणारा हात त्याला घारीसारखा वाटतो, कारण रानात मृत्यू त्याच्यावर वरूनच येत असे. पिल्ले झालेली मादी, दुखणाईत प्राणी, किंवा एकाच पिंजऱ्यात दुसऱ्या हॅमस्टरबरोबर कोंडलेला प्राणी अधिकच चावरा होतो, कारण हा जातीने एकांडा जीव. त्यात नागपूरचा मे महिना. जेथे माणसाचा जीव कासावीस होतो, तेथे या थंड बिळात राहणाऱ्याची काय कथा? यांपैकी एकाही कारणात दुष्टपणा नाही. दुष्टपणाला पर्याय ओळखण्याची बुद्धी आणि त्यांतून निवडण्याचे स्वातंत्र्य लागते. ही दोन्ही त्या पिंजऱ्यात कुणापाशी असतील, तर ती बाहेरून आत जाणाऱ्या हातापाशी आहेत. म्हणून नीतीचा प्रश्न हाताला विचारायचा, दाताला नव्हे.

मग त्याला माणसाळवावे कसे? जाणकार जी रीत सांगतात ती साधी आहे. आणल्यावर काही दिवस त्याला हात लावू नये. पाणी, खाणे द्यावे आणि जवळ बसून हळू आवाजात बोलावे. संध्याकाळी तो आपणहून जागा झाला की स्वच्छ धुतलेला हात पिंजऱ्यात नुसता ठेवावा आणि त्याला हुंगू द्यावा. पुढे तळहातावर सूर्यफुलाचे बी ठेवावे. तो निर्धास्तपणे तळहातावर चढू लागला, की दोन्ही हातांची ओंजळ खालून करून त्याला उचलावे, तेही जमिनीलगत बसून. चावलाच तर हात झटकू नये, ओरडू नये, मारू तर मुळीच नये. सावकाश खाली ठेवावे, जखम साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. यात कधी आठवडे जातात. दोनतीन वर्षांचे ज्याचे आयुष्य, त्याला आपले काही आठवडे देणे हा फार मोठा त्याग नव्हे.

वाचकांनी पाहिलेच असेल की या रीतीत प्राण्याला शिकवण्यासारखे फार थोडे आहे. शिकायचे आहे ते हाताला. याउलट दुसरीही एक रीत आहे: जाड हातमोजे घालायचे, प्राण्याला घट्ट धरायचे आणि तो धडपड थांबवीपर्यंत सोडायचे नाही. तोही शेवटी शांत होतो. परंतु एक शांतता विश्वासाची असते आणि दुसरी हताशपणाची, आणि दोन्ही दुरून सारख्याच दिसतात.

आपल्या विदर्भातच पहिल्या रीतीचे एक मोठे उदाहरण आहे. बाबा आमटे यांनी 1973 साली गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेथे डॉ. प्रकाश आमटे यांनी शिकारीत मारल्या गेलेल्या माकडिणीचे पोरके पिल्लू आणले आणि त्यातून अनाथ वन्यप्राण्यांचे गोकुळ उभे राहिले. बिबटे आणि अस्वले त्यांच्या अंगाखांद्यावर खेळत. त्यांनी धाक दाखवून ही जवळीक मिळवली नव्हती.

आता घराकडे वळू. माणसेही चावतात, शब्दांनी. परीक्षेत नापास झालेला मुलगा आईवर खेकसतो, अंथरुणाला खिळलेले आजोबा सुनेला बोल लावतात. तेथेही आपला निकाल तयारच असतो: "एवढे करतो, तरी याची भाषा पाहा!" त्या भाषेमागची भीती कुणी विचारीत नाही. माणसाच्या बाबतीत हे खरे की भीतीने दोष उणा होतो, पण प्रत्येक वेळी पुसला जात नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्या काळापासून नीतिशास्त्र असेच मानत आले आहे. माणसाला निवड करता येते, म्हणून त्याला जाबही द्यावा लागतो.

येथे एक गैरसमज मात्र आम्हांला टाळायचा आहे. दारू पिऊन पत्नीवर हात उगारणारा पुरुष "मला चिडवले म्हणून" असे म्हणतो, आणि कुणी तिलाच समजुतीने घेण्याचा उपदेश करतो. हा उपदेश सर्वस्वी चुकीचा आहे. त्या घरात पिंजऱ्यातला जीव तो नव्हे, ती आहे. वरून येणारा हात त्याचा आहे. तिने आणि लेकरांनी सुरक्षित जागी जाणे हे प्रथम, आणि त्या हाताला जाब विचारणे हे आपल्या सर्वांचे काम. ज्याच्यापाशी बळ अधिक, त्यानेच आधी स्वतःला माणसाळवायचे, हा नियम हॅमस्टरपासून माणसापर्यंत एकच आहे.

नागपूरचे कॅथेड्रल ज्यांच्या नावाचे आहे, ते संत फ्रान्सिस द सेल्स सौम्यतेसाठी ओळखले जातात. सौम्यता म्हणजे दुबळेपणा, असा आपला समज असतो. वस्तुतः दुबळ्याला सौम्य होताच येत नाही, तो फक्त गप्प बसतो. ज्याच्या मुठीत दुसऱ्याचा जीव मावतो, त्याने ती मूठ उघडी ठेवणे म्हणजे सौम्यता.

म्हणून आमची पालकांना विनंती आहे. मुलांना प्राणी आणून द्यायचा असेल, तर आधी त्याची गरज आणि आपल्या घरातली उन्हाळ्याची सोय पाहावी. ती नसेल तर नकार द्यावा, तोही एक धडा आहे. आणलाच, तर पहिल्या चाव्यानंतर मुलाला "त्याने असे का केले?" हे विचारण्याआधी "आपण काय केले होते?" हे विचारायला शिकवावे. हा प्रश्न त्याला आयुष्यभर पुरेल.