बाजेचे चार कोपरे



कफर्णहूम येथे चौघांनी पक्षाघाती माणसाला बाजेसह उचलून आणले. गर्दीतून वाट मिळेना, तेव्हा छप्पर उघडून त्याला खाली सोडले. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला, असे संत मार्क लिहितो (२:१-१२). आजाऱ्याने तर तोंडही उघडले नव्हते!

ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर, मूत्रपिंडांवर उलटते. दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात. एकट्या डॉक्टरला ही बाज पेलत नाही. संधिवाततज्ज्ञ औषधे ठरवतात, मूत्रपिंडतज्ज्ञ लघवीतील प्रथिनांवर नजर ठेवतात, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर नेत्रतज्ज्ञांकडून डोळे तपासून घ्यावे लागतात. त्यांचे आपसात बोलणे झाले नाही, तर फाईल घेऊन एका दारातून दुसऱ्या दारी आजारी बाईच फिरते.

चौथा कोपरा आपल्या हाती आहे. “दिसते तर धडधाकट!” असे म्हणून आपण तिचा थकवा खोटा पाडतो. उन्हाने हा आजार बळावतो. मिरवणुकीत ती दिसली नाही, म्हणून तिची भक्ती उणी होत नाही. पुढच्या तपासणीला सोबत कोण जाणार, मुलांना शाळेतून कोण आणणार, हे आज मिस्सानंतर तिच्या घरी जाऊन विचारू या.