नदीचे देणे कोणी फेडावे?

सार्वजनिक पैसा ही अमानत आहे. तो काही बांधण्यासाठी खर्च झाला तर सहसा कोणी हरकत घेत नाही. मात्र बांधलेले पाडण्यासाठी खर्च होऊ लागला की ही उधळपट्टी नव्हे काय, असा प्रश्न उठतो. अमेरिकेतील क्लॅमथ नदीच्या बाबतीत हा प्रश्न दीर्घकाळ गाजला.

ओरेगॉन राज्यातून निघून कॅलिफोर्नियात समुद्राला मिळणाऱ्या या नदीवर विसाव्या शतकात विजेसाठी चार धरणे उभी राहिली. पहिले १९१८ मध्ये, शेवटचे १९६२ मध्ये सुरू झाले. अंडी घालण्यासाठी समुद्रातून वर येणाऱ्या सॅमन माशांची वाट बंद झाली. युरोक, करूक, क्लॅमथ या आदिवासी समाजांचे अन्न आणि धार्मिक जीवन याच माशांशी जोडलेले होते. अखेर २०२३ आणि २०२४ मध्ये चारही धरणे काढण्यात आली. सुमारे ४५ कोटी डॉलरच्या तरतुदीपैकी २० कोटी वीजग्राहकांवरील अधिभारातून आले, तर २५ कोटी कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक रोख्यांतून.

पाणी अडवणाऱ्याच्या हक्काला मर्यादा आहे, हे आपल्याला नवे नाही. मदीनेतील एका पाटाचा वाद प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे आला, तेव्हा त्यांनी वरच्या बाजूस बाग असलेल्या हजरत जुबैर (रजि.) यांना आपली झाडे भिजवून पाणी शेजाऱ्याकडे सोडण्यास सांगितले. वर असणाऱ्याचा क्रम पहिला, परंतु पाणी त्याच्यापाशी संपत नाही.

मग भरपाई कोणी करावी? ज्याने लाभ घेतला त्याने भार उचलावा, हे फिकहचे मान्य तत्त्व आहे. यावर कोणी म्हणेल, धरण आजोबांनी बांधले, नातवाने का भरावे? याचे उत्तर वारसा कायद्यात आहे. मृताचे कर्ज फेडल्याशिवाय त्याच्या मालमत्तेची वाटणी होत नाही. त्या विजेवर वाढलेली समृद्धी ज्या समाजाने वारशात घेतली, त्याने तिच्यावरचे देणेही घेतले पाहिजे.

परंतु याच कायद्याची दुसरी बाजूही आहे. वारसाला जेवढे मिळाले त्यापलीकडे त्याच्यावर बोजा नाही. वीजबिलातील अधिभार गरीब घरालाही चुकत नाही. ज्याच्या वाट्याला समृद्धी आलीच नाही, त्याच्याकडून श्रीमंताच्या दराने वसुली करणे न्याय्य नव्हे. तसेच ज्यांनी जलाशयाच्या काठी घरे बांधली, त्यांच्या दारातले पाणी एकाएकी ओसरले. एक अन्याय दूर करताना दुसऱ्याचे नुकसान हिशेबाबाहेर ठेवता येत नाही.

म्हणून प्रत्येक जुने धरण पाडावे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्यावर वस्त्यांचे पिण्याचे पाणी आणि शेती अवलंबून आहे, त्याचा न्याय वेगळा होईल. क्लॅमथची ही धरणे विजेसाठी होती, आणि कंपनीच्या एकूण विजेत त्यांचा वाटा दोन टक्क्यांहून कमी होता. माशांसाठी नव्या वाटा करून ती चालू ठेवणेही ग्राहकांना महागच पडले असते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, शेवटच्या धरणाचे काम आटोपून काही आठवडेच झाले असताना, ओरेगॉनमधील वरच्या प्रवाहात सॅमन दिसला. हा खर्च उधळपट्टी नव्हता. ती जुन्या कर्जाची फेड होती. फेड करताना ती कोणाच्या खिशातून होते, एवढे मात्र प्रत्येक पिढीने ईशभय बाळगून तपासले पाहिजे.