जोडीदार

आमच्या धाराशिवकडे ‘जोडीदार’ हा शब्द पुरुष पुरुषाला लावतो. ज्याच्या रानाला आपला बांध लागून आहे, जो बाजाराला सोबत येतो, कोजागरीला तुळजापूरची वाट पायी तुडवताना जो बरोबर असतो, तो जोडीदार. “ह्यो माझा जोडीदार” असं म्हटलं की ओसरीवरची म्हातारी माणसं सरकून जागा करतात, आत चहाचं आधण चढतं, आणि पुढं कुणी काही विचारत नाही. पुस्तकातल्या मराठीत मात्र हाच शब्द नवरा-बायकोचा आहे. काही मुलांचं सगळं आयुष्य या दोन अर्थांच्या मधल्या बोळात जातं.

असा एक मुलगा डोळ्यांपुढं आणा. उमरग्याचा म्हणा, कळंबचा म्हणा. बारावीनंतर पुण्याला इंजिनिअरिंग, मग नोकरी, मग कंपनीनं अमेरिकेला पाठवलं. गावात पेढे वाटले. तिथं तो एका पुरुषाबरोबर राहतो. दोघं घरभाडं निम्मं-निम्मं भरतात, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून भांडतात, एकाला ताप आला तर दुसरा रात्रभर जागतो. गावाला सांगितलंय, रूम पार्टनर आहे. रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला की तो दुसरा माणूस उठतो आणि फोनच्या नजरेआड जाऊन उभा राहतो. आई विचारते, “लग्नाचं काय ठरीवलंस? पोरी बघून ठिवल्यात.” फोन बंद झाला की तो बाहेर येतो. दोघंही त्यावर बोलत नाहीत.

“तिकडं समदं चालतं,” असं आपल्याकडं म्हणतात. ते खरं नाही. अमेरिकेनं 1952 च्या कायद्यात ‘मनोविकृत’ असा शिक्का घालून समलैंगिक परदेशी माणसाला दार बंद केलं होतं. 1967 मध्ये क्लाइव्ह बूटिलिये या कॅनडातून आलेल्या माणसाची बाहेर काढू नका अशी मागणी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली. तेव्हा तो बारा वर्षं त्या देशात राहत होता. ती बंदी उठायला 1990 साल उजाडलं. पुढं 2004 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात दोन पुरुषांचं लग्न होऊ लागलं, पण केंद्र सरकार ते मानत नसल्यानं व्हिसाच्या अर्जात नवरा नवरा ठरत नव्हता. तो ठरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 26 जून 2013 च्या निकालानंतर. म्हणजे आज तिथं जे ‘चालतं’, ते मिळवायला माणसांनी हयात घालवली आहे.

आणि त्यालाही टेकू नोकरीचा. आपल्या बहुतेक मुलांचा एच-वन-बी व्हिसा कंपनीच्या अर्जावर असतो. नोकरी गेली की दुसरी शोधायला किंवा देश सोडायला साधारण साठ दिवसांची मुदत मिळते. इतरांना अशा वेळी निदान गाव असतं, परत येऊन संसार मांडता येतो. या दोघांना मात्र ज्या देशात परतायचं, तिथं त्यांचा संसार कागदावर उरतच नाही. 1969 चा आपला विदेशी विवाह कायदा त्यांना ओळखत नाही. 17 ऑक्टोबर 2023 रोजी समलिंगी लग्नाच्या सुप्रियो खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की लग्नाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही. जानेवारी 2025 मध्ये फेरविचाराच्या याचिकाही गेल्या. विमानात बसताना जो नवरा असतो, तो मुंबईला उतरताना मित्र होतो.

तरीही माणसं येतात. 30 डिसेंबर 2017 रोजी यवतमाळमध्ये एक लग्न लागलं. आयआयटी मुंबईत शिकलेला, कॅलिफोर्नियात स्थायिक झालेला यवतमाळचा मुलगा आणि त्याचा व्हिएतनामी वंशाचा जोडीदार. त्या दिवशी कलम 377 जिवंत होतं; ते मोडलं पुढच्या वर्षी 6 सप्टेंबरला. कॅलिफोर्नियात कायद्यानं लग्न करायची वाट मोकळी असताना, ज्या देशाचा कायदा त्यांच्या प्रेमाला गुन्हा म्हणत होता तिथं, आईबापांच्या गावात, नातेवाइकांसमोर उभं राहावं असं त्यांना वाटलं. मला ते पूर्ण कळतं. आपल्याकडं सही केल्यानं नातं होत नाही. चार माणसांनी पाहिलं, ती जेवली, त्यांनी आशीर्वाद दिला, म्हणजे होतं.

आणि नात्याची खरी ओळख लग्नाहूनही सुतकात पटते. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. त्यातला आनंद मुंबईहून वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाइकांचा लग्नासाठी लकडा चालू असतो, आणि त्याला आधार होतो तो लहानपणचा, शेती करणारा जोडीदार बाल्या. माझ्या मनात हे दृश्य उलटं येत राहतं: उद्या आनंदच गेला तर? बाल्यानं कुठं बसायचं? खांदा द्यायला त्याला कोण पुढं येऊ देईल? केंद्र सरकारनं ऑगस्ट 2024 मध्ये राज्यांना कळवलं, की जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह मागता यावा. शिधापत्रिकेतही दोघं एका घरातले धरावेत. ही पत्रं निघाली हे चांगलंच झालं. पण भावकी हजर असेल तर जोडीदार पुन्हा मागं, असाच त्या वाक्याचा अर्थ आहे.

परदेशी जाऊ शकतात त्यांचं हे झालं. पासपोर्ट, इंग्रजी आणि कंपनी यांतलं काहीच ज्याच्याकडं नाही तो भूम-परांड्याचा मुलगा कुठं जाणार? डिसेंबर 2022 मध्ये शेजारच्या सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. शेतकऱ्याला मुलगी मिळत नाही, हे दुःख खरंच आहे. त्याच गर्दीच्या आडोशाला ज्याला मुलगी नकोच आहे असाही एखादा उभा राहतो. “मिळंना” एवढं म्हटलं की त्याची सुटका होते. पण आडोसा कधीतरी संपतो. स्थळ येतं, लग्न लागतं, आणि ज्या मुलीचा काही दोष नाही तिचंही आयुष्य त्यात जातं. परदेश हा उपाय मानला, तर या दोघांना आपण वाऱ्यावर सोडलं असाच त्याचा अर्थ होतो.

म्हणून मला बिंदुमाधव खिरे मोठे वाटतात. अमेरिकेतली सॉफ्टवेअरची नोकरी, तिथल्या दक्षिण आशियाई समलिंगी माणसांची ‘त्रिकोण’ ही संस्था, हे सगळं त्यांनी पाहिलं, आणि ते पुण्याला परत आले. 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट काढला आणि मराठीत लिहीत राहिले. त्यांच्या एका पुस्तकाचं नाव ‘पार्टनर’. इंग्रजी शब्दाच्या आडोशाला का होईना, मराठी घरात तो माणूस आला.

आपला शब्द तर ओसरीवर आधीच बसलेला आहे. या दिवाळीत परदेशातून मुलाचा फोन येईल तेव्हा लग्नाचं थोडं बाजूला ठेवा. त्याला विचारा, “तुझा जोडीदार बरा हाय का? त्याला बी बोलीव की समोर.”