'मला काही नको' यातला मला

मागच्या वर्षी मी नोकरी सोडायचं ठरवलं होतं. पगार चांगला होता, पण हाव कुठेतरी थांबवावी असं वाटायला लागलं होतं. बायकोला म्हटलं, "मला आता फार काही नको." ती म्हणाली, "बरं. म्हणजे घराचा हप्ता माझ्या एकटीच्या पगारातून जाणार ना?"

मला आजी आठवली.

आमच्या घरी रोज संध्याकाळी आजोबा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले ५४ ते ७२ हे श्लोक म्हणायचे. स्थितप्रज्ञाची लक्षणं. गांधीजींच्या आश्रमात सायंप्रार्थनेला हेच १९ श्लोक असत. आजोबांनी ते तिथूनच घेतलेले. अर्थ कळण्याआधी मला ते पाठ झाले. मनातल्या सगळ्या इच्छा टाकून दिलेल्या माणसाचं हे वर्णन आहे हे कळलं, तेव्हा मी दहावीत होतो आणि मला सायकल हवी होती. इतकी, की श्लोक म्हणताना डोळ्यांसमोर तीच. आजही फोन उपडा ठेवून म्हणतो आणि तो थरथरला की ओळ चुकते. हा खोटेपणाच, असं मला बरीच वर्षं वाटायचं. आता वाटत नाही. कारण यातला पहिला श्लोक अर्जुनाचा प्रश्न आहे: असा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? 'मी असा आहे' असं आपण म्हणतच नाही. रोज विचारतो, इतकंच.

आजोबा कसे बसत ते मला नीट आठवतं. त्यांना खरंच काही नको असायचं. दोन धोतरं, एक चष्मा. चहासुद्धा त्यांनी कधी मागितला नाही. मागावा लागत नसे, तो समोर यायचा. महिनाअखेरीला वाण्याकडे उधारीचं बोलायला आजी जायची. तिला एकदा समुद्र बघायचा होता. "त्यात काय बघायचंय?" आजोबा म्हणाले आणि विषय संपला. नद्या येऊन मिळाल्या तरी न ढळणाऱ्या समुद्राचा ७० वा श्लोक मात्र ते रोज म्हणत. आजीने समुद्र शेवटपर्यंत पाहिला नाही. लोक तिलाही निरिच्छ म्हणायचे, ते मला पटत नाही. न मिळणं म्हणजे सोडणं नव्हे. उपाशी राहिल्याने विषय दूर होतात, गोडी उरते, हे त्याच श्लोकांत आहे.

आजोबा ढोंगी नव्हते, हेही सांगायला हवं. पण अर्जुनसुद्धा पहिल्या अध्यायात म्हणतो, मला विजय नको, राज्य नको, सुखं नकोत. ऐकायला केवढं वैराग्य! कृष्ण ते तसं मानत नाही. आणि ७१ व्या श्लोकात इच्छा सोडण्याच्या जोडीला 'निर्मम' आणि 'निरहंकार' हे दोन शब्द आहेत. 'मला काही नको' यात 'मला' जागच्या जागी असतो. आजोबांचा होता. माझाही होता.

नोकरी अजून सोडलेली नाही. हप्त्यांचे आकडे आम्ही दोघांनी कागदावर मांडलेत. बायको म्हणते, दोन वर्षं थांब. त्याच कागदाच्या मागे तिला काय काय हवंय याची यादी आहे. ती मी पहिल्यांदाच विचारली. लग्नाला सहा वर्षं झाली.