गोष्टीची वाट

लहान मुलाला डोंगरावर चालायला लावायचे असेल, तर वाटेत त्याला गोष्ट सांगावी, एखादा खेळ द्यावा, वळणावर लाकडी बुटका उभा करून ठेवावा. की डोंगर जसा आहे तसाच त्याच्यापुढे ठेवून चालण्याचे कष्ट त्याला निमूटपणे सोसू द्यावेत? प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. सहलीच्या आखणीपलीकडे त्याला महत्त्व नाही, असेही कोणी म्हणेल. परंतु थोडे खोलात गेले की त्याच्या तळाशी दुसरा एक जुना प्रश्न सापडतो. जे चांगले आहे ते मुलांच्या गळी उतरावे म्हणून त्याला साखरेचा लेप द्यावा काय? आणि दिलाच, तर मूल त्या चांगल्यावर प्रेम करावयास शिकते की साखरेवर?

हा प्रश्न आम्हाला ग्रंथात भेटला नाही, तो आमच्या घरातूनच उठला. पुष्कळ वर्षांपूर्वी, मुलगा आठ वर्षांचा असताना, दिवाळीच्या सुटीत आम्ही त्याला सफाळ्याजवळच्या तांदूळवाडीच्या किल्ल्यावर नेले होते. बरोबर आणखी दोनतीन कुटुंबे होती. पाऊस सरून ऊन कडक झालेले. निम्म्या चढावर आमचा मुलगा खाली बसला. पाय दुखतात, म्हणाला. आम्ही त्याला इतरांची मुले दाखवली, ती कशी भराभर चढतात ते सांगितले. तेवढ्याने भागेना, तेव्हा हात धरून ओढत वर नेले. माथ्यावरून दूरवर वैतरणेचे पात्र उन्हात चकाकत होते. त्याने तिकडे पाहिले नाही. पुढे तो पुन्हा कधी आमच्याबरोबर डोंगरावर आला नाही. मुलगा नाजूक आहे, असे आम्ही स्वतःला सांगितले आणि तो विषय मिटवला.

नोकरीच्या निमित्ताने हाच मुलगा पुढे स्वित्झर्लंडला गेला आणि तिथे संसाराला लागला. दोनएक वर्षांपूर्वी आम्ही त्याच्याकडे उन्हाळ्यात गेलो असता एका शनिवारी तो आपण होऊन म्हणाला, "उद्या सकाळी लवकर मिस्साला जाऊ आणि मग छोटीला डोंगरावर नेऊ. तिच्यासारख्या मुलांसाठी तिथे खास वाट आहे." आम्ही चकित होऊन त्याच्याकडे पाहतच राहिलो.

त्या देशात पायी चालण्याच्या वाटांना किती मान आहे, हे येथे थोडक्यात सांगावयास हवे. पिवळ्या पाट्यांनी दर्शविलेल्या या वाटांची एकूण लांबी सुमारे ६५,००० किलोमीटर भरते. १९७९ साली सार्वमत घेऊन तेथील जनतेने पाऊलवाटांचे जतन हा विषय थेट राज्यघटनेत घातला. या चळवळीच्या मुळाशी एक शाळामास्तर आहेत, ही गोष्ट आम्हाला विशेष वाटली. योहान याकोब एस हे त्यांचे नाव. १९३०च्या सुमारास विद्यार्थ्यांना घेऊन क्लाउझन घाटातून चालत असताना मोटारींच्या वर्दळीने ते त्रासले. चालणाऱ्यांना त्यांची स्वतंत्र वाट हवी, आणि देशभर तिच्या खुणा एकसारख्या हव्यात, हा विचार त्यांनी लावून धरला. १९३४ साली त्यातून राष्ट्रीय संस्था उभी राहिली. म्हणजे या साऱ्या वाटांच्या उगमाशी मुलांचीच एक सहल आहे.

याच वाटांच्या जाळ्यात अलीकडच्या काळात मुलांसाठी गोष्टीच्या वाटा निघाल्या. मायेनफेल्ड गावी योहाना स्पीरी यांच्या 'हायडी' या १८८०-८१ च्या कादंबरीची वाट आहे. लेन्झरहायडे येथे ग्लोबी नावाच्या निळ्या पोपटाची आहे. अशा वाटेवर ठरावीक अंतराने फलक असतात. प्रत्येक फलकावर गोष्टीचा एक तुकडा, चित्र, क्वचित एखादे कोडे किंवा हाताने करून पाहण्याचे काही. पुढे काय झाले हे कळावे म्हणून मूल पुढच्या फलकापर्यंत चालते, आणि चालता चालता डोंगर चढून जाते.

आम्ही गेलो ती वाट एंगादीन खोऱ्यातील गुआर्दा या गावची. आगगाडीचे स्थानक खाली दरीत आणि गाव वर उताराच्या खांद्यावर, सुमारे १,६५० मीटर उंचीवर. जाड भिंतींची जुनी घरे, भिंतींवर चुन्यात कोरलेली नक्षी. सेलिना चोन्झ यांनी लिहिलेल्या आणि आलोइस कारिजिएट यांनी चितारलेल्या 'शेलन-उर्सली' या १९४५ सालच्या बालपुस्तकाचे हे गाव. पुस्तकाची कथा साधी आहे. मार्चच्या पहिल्या तारखेला या खोऱ्यातील मुले गळ्यातल्या घंटा वाजवीत गावभर फिरतात आणि हिवाळ्याला हुसकावून लावतात. उर्सली या मुलाच्या वाट्याला सर्वांत लहान घंटा येते. मोठी घंटा असलेली मुले मिरवणुकीच्या पुढे असतात, लहान घंटावाली मागे. उर्सलीला आठवते की वर डोंगरातल्या आपल्या उन्हाळी झोपडीत एक मोठी घंटा टांगलेली आहे. कोणाला न सांगता तो बर्फातून एकटा वर जातो, घंटा मिळवतो, थकून तिथेच झोपी जातो. घरी आईबाप रात्रभर तळमळतात. सकाळी तो परततो आणि मिरवणुकीच्या अग्रभागी चालतो.

या वाटेवर चालताना आमच्या मनात पहिला आक्षेप आला तो गोष्टीमुळेच. उर्सली ज्या वाटेने गेला तिच्यावर फलक नव्हते. भय, थंडी आणि एकटेपणा पत्करून त्याने आपली घंटा आणली. त्याच्याच नावाने आज आपण मुलांना आखलेल्या वाटेवरून, पाण्याची बाटली आणि खाऊचा डबा बरोबर देऊन नेतो. शूर मुलाची गोष्ट सुरक्षित मुलांना सांगायची, यात काही खोटेपणा नाही काय?

दुसरा आक्षेप व्यापाराचा. ग्लोबीचा जन्म १९३२ साली झाला तो झुरिकच्या एका मोठ्या दुकानाच्या जाहिरातीसाठी. अशा कित्येक वाटा रज्जुमार्गाच्या वरच्या स्थानकापाशी सुरू होतात, म्हणजे तिकीट आधी आणि डोंगर नंतर. हिवाळ्यातील बर्फ बेभरवशाचे होत चालल्यापासून घसरगुंडीच्या खेळावर जगणाऱ्या डोंगरी गावांना उन्हाळ्यातही पाहुणे हवेत, आणि मूल आले की त्याच्यामागून सगळे घर येते. त्या गावांच्या पोटापाण्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण डोंगराचा बाजार होतो तेव्हा मुलाला डोंगर मिळतो की नुसती करमणूक, हे विचारणे भाग आहे.

यावर विचार करताना दोन थोर माणसांचा आधार आम्हाला मिळाला. संत ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनात सांगतात की लहानपणी त्यांना ग्रीक भाषेचा तिटकारा होता, कारण ती शिक्षेच्या धाकाने शिकवली गेली. लॅटिन मात्र ते दायांच्या लाडात आणि हसण्याखेळण्यात सहज शिकले. मुक्त कुतूहलाने जेवढे शिकता येते तेवढे भीतीच्या सक्तीने येत नाही, असा निष्कर्ष ते काढतात. आणि त्या कुतूहलालाही मर्यादा लागते, हे सांगायला विसरत नाहीत. हे वाचताना आम्हाला तांदूळवाडीचा चढ आठवला. आम्ही मुलाला डोंगर शिकवला तो ग्रीक भाषेसारखा.

दुसरे अलास्डेर मॅकइन्टायर, २०२५ साली दिवंगत झालेले कॅथलिक तत्त्वज्ञ. १९८१ सालच्या 'आफ्टर व्हर्च्यू' या ग्रंथात त्यांनी एका मुलाचे उदाहरण दिले आहे. त्याला बुद्धिबळ शिकवण्यासाठी मिठाईचे आमिष दाखवले जाते : खेळलास तर मिठाई, जिंकलास तर आणखी मिठाई. जोवर त्या मुलाला केवळ मिठाई हवी आहे, तोवर फसवून जिंकण्यात त्याचे काही बिघडत नाही. पण एक दिवस त्याला डावातलीच गोडी कळेल, अशी आशा असते. ती कळली की फसवणूक केल्यास तो दुसऱ्या कोणाला नव्हे, स्वतःलाच फसवील. म्हणजे आमिष वाईटच असे नाही. आमिषाकडून वस्तूकडे जाणारा रस्ता उघडा आहे की नाही, हे पाहावयाचे.

गोष्टीच्या वाटेला हीच कसोटी लावावी, असे आम्हाला वाटते. शेवटच्या फलकाशी बक्षीस ठेवले आणि मुलाचे सारे लक्ष बक्षिसाकडे लागले, तर ती मिठाई झाली. तो चढ आगगाडीने पार केला असता तरी मुलाचे काही नुकसान झाले नसते. परंतु फलक जर म्हणत असेल, येथे थांब, समोरच्या उताराकडे पहा, या उतारावरून उर्सली बर्फातून गेला. तर तो फलक मुलाची नजर स्वतःकडे न ठेवता डोंगराकडे वळवतो. सुरक्षित वाटेवर शूर मुलाची गोष्ट सांगणे, हा मग खोटेपणा उरत नाही. पाच वर्षांच्या मुलीला कोणी बर्फात एकटे सोडणार नाही. पण एकट्याने चालण्याची वेळ पुढे तिच्यावर येणार आहे, आणि त्या वेळी कामी येईल असे काही आज तिच्याजवळ ठेवून देता येते.

थांब्याथांब्याने चालत जाण्याची ही रीत आपल्या ओळखीचीच आहे. उपवासकाळात आपण क्रुसाची वाट करतो, तिची १४ स्थाने १७३१ साली पोप क्लेमेंट बारावे यांनी कायम केली. आल्प्सच्याच इटालियन बाजूला, वाराल्लो येथे, पंधराव्या शतकाच्या अखेरीस बेर्नार्दिनो काइमी या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी एका टेकडीवर ख्रिस्तचरित्रातील प्रसंगांची प्रार्थनामंदिरे उभारण्यास आरंभ केला. ज्यांना यरुशलेमला जाणे शक्य नव्हते अशा भाविकांनी ती वाट चढावी, हा हेतू. तेथे कोणी मूर्ती पाहण्यापुरते थांबत नाही, मूर्तीच्या पलीकडे पाहण्यासाठी थांबतात. मोठ्या माणसांच्या भक्तीलाही जर थांबे लागतात, तर मुलांच्या पायांना ते लागतात याचे आपण नवल का करावे?

आता त्या दिवसाकडे परत येतो. पिवळ्या पाट्यांवर पुढच्या ठिकाणापर्यंतचे अंतर नव्हे, तर चालण्याचा वेळ दिलेला असतो. सपाट वाटेवर ताशी ४.२ किलोमीटर, असा विसावा न धरता केलेला तो हिशेब आहे. आमच्या नातीने तो हिशेब पहिल्या दहा मिनिटांतच मोडला. दुसऱ्या फलकापाशी ती वीस मिनिटे रमली, तिसऱ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. पुढे वाटेच्या कडेला देवदाराच्या काटक्यांचा, कमरेएवढा उंच मुंग्यांचा ढीग लागला. ती उकिडवी बसली. आम्ही सवयीने म्हणालो, "चल, पुढची गोष्ट वाचायची ना?" मुलगा तिच्या शेजारी बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "असू द्या बाबा, बघू द्या तिला." आणि थोड्या वेळाने, हळूच, "तांदूळवाडीला मला त्या वारुळापाशी थांबायचे होते. पाय दुखत होतेच. पण मला ते वारूळ बघायचे होते."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. एवढी वर्षे आम्हाला ते वारूळ ठाऊकच नव्हते. निम्म्या चढावर बसलेल्या मुलाला त्याची गोष्ट सापडली होती, आणि आम्ही त्याला वैतरणा दाखवण्यासाठी तिच्यापासून ओढून नेले होते.

तेव्हापासून या वाटांविषयी आमचे मत असे झाले आहे. गोष्टीचे फलक मुलांना चालवण्यासाठी रोवलेले असतात, असे आपण समजतो. खरे तर त्यांचा मोठा उपयोग मोठ्यांना थांबवण्यासाठी होतो. मूल वारुळापाशी थांबते, ओहोळापाशी थांबते, गोगलगाईपाशी थांबते. माथा गाठण्याची घाई आपल्याला असते. फलक आला की आपण नाइलाजाने उभे राहतो, आणि तेवढ्या अवधीत मुलाला डोंगर भेटतो. जो बाप आपण होऊन थांबतो, त्याच्या मुलाला फलकाची गरज फारशी नाही. म्हणून आपल्या डोंगरांवर असे फलक रोवावेत काय, हा वाद आम्ही घालणार नाही. एखादी गोष्ट ठाऊक असलेले आणि वेळ हाताशी असलेले एक वडीलधारे माणूस बरोबर असले तरी पुष्कळ झाले. कष्ट टाळावेत, असेही आमचे म्हणणे नाही. चढ चढलाच पाहिजे. पण कोणाच्या पावलाने, हे ठरवण्याचा अधिकार त्यातल्या लहानग्याला थोडा तरी असावा.

उतरताना एका फलकापाशी आम्ही चष्मा लावून चित्र न्याहाळत होतो. कुरणातून गाईंच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज आला. नात फलक सोडून कुंपणाकडे धावली आणि तिथून हाक मारू लागली, "आजोबा, या ना! घंटा इकडे आहे!" आम्ही चष्मा काढला आणि गेलो.

पुढच्या दिवाळीत ती मंडळी वसईला यायची आहेत. तांदूळवाडीला जाऊ, असे मुलानेच पत्रात लिहिले आहे. ते वारूळ अजून तिथे असेल असे वाटत नाही. पण वाटेत कोणी कुठे बसले, तर या वेळी आम्हीही शेजारी बसणार आहोत.