अगदी आमच्याच घरातलं

बेटी फ्रीडन यांचं ‘द फेमिनिन मिस्टिक’ १९६३ साली आलं आणि अमेरिकन उपनगरांतल्या शिकल्यासवरल्या गृहिणींची घुसमट उघडपणे बोलली जाऊ लागली. या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात एक अनपेक्षित हल्ला आहे. तो नवऱ्यांवर नाही, जाहिरातवाल्यांवरही नाही, तर विनोदी लिहिणाऱ्या बायकांवर आहे. शर्ली जॅक्सन, जीन कर, फिलिस मॅकगिन्ली ही नावं घेऊन फ्रीडन विचारतात की तुम्ही कसलेल्या लेखिका आहात, शिस्तीने लिहिता, त्यावर पैसे मिळवता. मग पानावर उतरताना तुम्ही मुलांच्या गोंधळात हरवलेल्या, घरकामाने मेटाकुटीला आलेल्या साध्या गृहिणी का होता? लिहिण्यातला आनंद तुम्ही लपवून ठेवता. जिच्याजवळ तसलं काहीच काम नाही, तिला मात्र सांगता की हसून सोडून दे, आपण सगळ्या सारख्याच.

हा आरोप झटकून टाकण्यासारखा नाही. जीन कर यांचंच पाहा. त्यांचं ‘प्लीज डोन्ट ईट द डेझीज’ १९५७ साली निघालं आणि धडाधड खपलं. तीन वर्षांत त्यावर डोरिस डेचा चित्रपटही आला. पुस्तकाच्या नावामागे एक साधा प्रसंग आहे. घरी पाहुणे जेवायला येणार म्हणून आई मुलांना काय काय करायचं नाही याची यादी देते. टेबलावर सजवलेली फुलं खायची नाहीत हे सांगायचं तेवढं राहून जातं, आणि मुलं नेमकी तीच खातात. हे वाचताना घरातल्या कोलाहलापुढे हात टेकलेली बाई दिसते. प्रत्यक्षात करबाई नाटककार होत्या. घरात निवांतपणा मिळत नाही म्हणून घरापासून जरा लांब मोटार उभी करायच्या आणि आत बसून लिहायच्या. ती मोटार, तिथली शांतता, वाक्य मनासारखं जमेपर्यंत घासत बसणं, याला पुस्तकाच्या खेळकर सुरात फार थोडी जागा मिळाली.

शर्ली जॅक्सन यांच्याबाबतीत हे अंतर आणखी दुखरं आहे. व्हरमाँटमधल्या नॉर्थ बेनिंग्टन गावातल्या आपल्या घरावर, चार मुलांवर आणि प्राध्यापक-समीक्षक नवऱ्यावर त्यांनी स्त्रियांच्या मासिकांतून लिहिलं आणि १९५३ साली त्याचं ‘लाइफ अमंग द सॅव्हेजेस’ झालं. त्यात बाळंतपणासाठी इस्पितळात गेल्याचा प्रसंग आहे. कारकूनबाई व्यवसाय विचारते. जॅक्सन सांगतात, लेखिका. ती म्हणते, मी गृहिणी असंच लिहिते. जॅक्सन पुन्हा सांगतात, लेखिका. उत्तर पुन्हा तेच. वाचक इथे मोठ्याने हसतो. पण जॅक्सन यांची कमाई नवऱ्यापेक्षा जास्त होती, घर बरंचसं त्यांच्या लेखणीवर चालत होतं, तरी स्वयंपाक, धुणीभांडी आणि मुलं त्यांच्याचकडे होती. नवऱ्याच्या बाहेरच्या संबंधांची झळ वेगळीच. पुढे घराबाहेर पडायचीही भीती वाटावी अशी अवस्था त्यांना आली आणि १९६५ साली, वयाच्या ४८व्या वर्षी त्या गेल्या. रूथ फ्रँकलिन यांनी २०१६ साली लिहिलेलं त्यांचं चरित्र वाचल्यावर त्या इस्पितळातल्या संवादात हसूही येतं आणि रागही येतो.

एवढ्यापुरतं फ्रीडन यांचं मला पटतं. पण त्यांच्या आरोपात वाचक मात्र कुठेच दिसत नाही. दिसते ती नुसती फसवून घेणारी एक बाई. ही पुस्तकं खरोखर ज्यांनी घेतली, मैत्रिणींना वाचून दाखवली, त्या बायका इतक्या भोळ्या होत्या असं मला वाटत नाही.

त्या कुठे राहत होत्या ते आठवावं लागेल. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक परतले, सरकारी हमीची गृहकर्जं सोपी झाली आणि शहरांबाहेरच्या शेतांवर एकसारख्या घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ साली सुरू झालेलं लेव्हिटटाउन हा त्यांचा नमुना. चार वर्षांत तिथे १७ हजारांवर घरं झाली. सकाळी नवरा मोटार किंवा रेल्वेने शहरात जायचा. मागे उरायची बाई, लहान मुलं, नवी कोरी यंत्रं आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही पायी जाता येणार नाही अशी मोकळी लांबी. सासू नाही, जाऊ नाही, भांडायलाही घरात मोठं माणूस नाही. मासिकांच्या रंगीत पानांवर मात्र लखलखीत ओट्यापाशी उभी असलेली, केस बसवलेली, हसरी बाई. एवढं सगळं मिळूनही आपण सुखी नसू तर खोट आपल्यातच असणार, ही समजूत तिथे पक्की होत गेली. अशा घरात करबाईंचं किंवा जॅक्सनबाईंचं पुस्तक पोचलं म्हणजे तिथे पहिल्यांदा दुसऱ्या कुणाचं तरी अस्ताव्यस्त घर पोचलं. वाचणारीला त्यातून सल्ला मिळत नव्हता, तोडगा मिळत नव्हता. आपली लाज हे आपल्या एकटीचं गुपित नाही, एवढंच कळत होतं. माणसाला उभं राहायला एवढ्यानेही जमीन मिळते.

फ्रीडन यांच्या स्वतःच्या पुस्तकाचा उगमही अशाच एका गोष्टीत आहे. १९५७ साली स्मिथ कॉलेजमधल्या आपल्या वर्गमैत्रिणींच्या पंधराव्या स्नेहमेळाव्यासाठी त्यांनी एक प्रश्नावली पाठवली आणि दोनशे जणींनी उत्तरं दिली. त्या उत्तरांतल्या अस्वस्थतेतून पुढचं सगळं उभं राहिलं. ‘डेझीज’ निघालं तेही हेच वर्ष. ज्या वर्गाच्या बायका प्रश्नावलीत आपली चाळिशीकडे झुकणारी खंत लिहीत होत्या, त्याच वर्गाच्या बायका करबाईंचं पुस्तक विकत घेऊन हसत होत्या. काहींनी दोन्ही केलं असेल. पुढे ‘मिस्टिक’ छापून आल्यावर फ्रीडन यांच्याकडे पत्रांचा ढीग आला. हार्वर्डच्या श्लेसिंजर ग्रंथालयात तो जपलेला आहे. मला वाटायचं मीच एकटी, हाच त्या पत्रांतला वारंवार येणारा सूर. गंभीर पुस्तकाने आणि विनोदी पुस्तकाने वाचणारीला पहिल्या पायरीवर एकच गोष्ट दिली. फ्रीडन यांना आपल्या पत्रांत ती दिसली, करबाईंच्या वाचकांत दिसली नाही, याचं मला वाईट वाटतं.

वाचकांची ही ओळख पटणं किती खरं आणि कुठवर खरं, हे पाहायला मात्र दुसरीकडे जावं लागतं.

याच १९५७च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे जोडपं तीन मुलांना घेऊन राहायला आलं. ते काळे होते. या वसाहती बांधणारी लेव्हिट कंपनी काळ्यांना घर विकत नसे. हे घर त्यांनी आधीच्या मालकाकडून घेतलं होतं. शेकडोंचा जमाव घरासमोर जमला, दगड आले, खिडक्या फुटल्या, राज्याच्या पोलिसांना बोलवावं लागलं. जमावात त्याच वसाहतीतले शेजारीही होते. उपनगराचा कंटाळा आला असं म्हणण्यासाठी आधी उपनगरात निर्धास्त राहता यावं लागतं. ‘अगदी आमच्याच घरातलं’ म्हणून खळखळून हसणाऱ्या वाचकांचं ‘आमचं’ किती अरुंद होतं, ते त्या ऑगस्टमध्ये दिसलं. म्हणून त्या बायकांची घुसमट खोटी ठरत नाही. एकीचं दुःख मोठं म्हणून दुसरीने आपलं दुःख गिळावं, हे मला मान्य नाही. ‘तुला काय कमी आहे’ हे वाक्य बाईला गप्प करण्यासाठीच पिढ्यानपिढ्या वापरलं गेलं आहे. पण विनोदी आठवणींच्या फळीवर मायर्स कुटुंबाला जागा नव्हती. डेझी मायर्स यांची आठवण पुस्तकरूपाने २००५ साली आली. तिच्यात हसण्याजोगं फारसं काही असणं शक्यच नव्हतं.

ओळख पटायला हसण्याची अट असते का, असा प्रश्न मराठी वाचकालाही पडायला हवा. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त नवऱ्याचा शीघ्रकोप आहे, न सांगता घर सोडून निघून जाणं आहे, संसाराची परवड आहे. हे सगळं त्यांनी अशा मिस्कील ममतेने सांगितलं की मराठी वाचकाने ते डोक्यावर घेतलं. नवऱ्याबद्दलचा आदरही कुठे उणावला नाही. सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं. लोकप्रिय विनोदी लेखक असलेल्या नवऱ्याबरोबरचं आपलं सहजीवन त्यांनी स्वच्छ, कठोर नजरेने तपासलं, स्वतःलाही त्यातून सोडलं नाही. पुस्तक खूप वाचलं गेलं, खूप वाखाणलं गेलं. पण दुखावलेल्यांची संख्याही लहान नव्हती: ज्या माणसाने आम्हांला इतकं हसवलं त्याच्याविषयी त्याच्या पत्नीने असं का लिहावं? दोन्ही पुस्तकांत बाईच्या वाट्याला आलेल्या संसाराचा हिशोब आहे. एकीने तो हसत मांडला, दुसरीने हसू बाजूला ठेवून. वाचकांच्या मायेत पडलेला फरक मजकुरापेक्षा या सुरामुळे पडला, असं माझं ठाम मत आहे, आणि सुनीताबाईंवर त्यात अन्याय झाला असंही.

जॅक्सन यांना हे आधीच कळलं होतं. त्यांची ‘द लॉटरी’ ही कथा २६ जून १९४८च्या ‘न्यूयॉर्कर’मध्ये छापून आली. ती अशाच एका नीटनेटक्या गावाची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची, बायकामुलांची कथा. फक्त शेवटी गाव मिळून एका बाईला दगडांनी ठेचतं. त्या उन्हाळ्यात तीनशेच्या वर पत्रं आली. त्यांतली जेमतेम तेरा बऱ्या शब्दांत लिहिलेली होती आणि तीही बहुतेक ओळखीच्यांची. बाकीची गोंधळलेली, तर्कवितर्क करणारी किंवा सरळ शिव्या देणारी. खुद्द आईनेही नापसंती कळवली. गाव तेच, लिहिणारा हात तोच. त्या हाताने मुलांच्या खोड्या लिहिल्या तेव्हा वाचकांना ती आपली शेजारीण वाटली.

मग हसवून मिळवलेल्या विश्वासाचं करायचं काय? याचं उत्तर मला एर्मा बॉम्बेक यांच्यात सापडतं. ओहायोतल्या डेटन शहराजवळ सेंटरव्हिल उपनगरात राहणाऱ्या या तीन मुलांच्या आईने १९६४ साली, सदतिसाव्या वर्षी, एका छोट्या स्थानिक वर्तमानपत्रात दर लेखाला तीन डॉलर घेऊन स्तंभ सुरू केला. पुढे तो सुमारे नऊशे वर्तमानपत्रांत छापला जाऊ लागला. बायका तो कापून फ्रिजच्या दारावर चिकटवायच्या. १९७६ सालच्या ‘द ग्रास इज ऑलवेज ग्रीनर ओव्हर द सेप्टिक टँक’मध्ये त्यांनी उपनगरांकडे निघालेल्या कुटुंबांना पश्चिमेकडे वसाहत करायला निघालेल्या जुन्या अमेरिकनांचा थाट देऊन त्या सगळ्या स्वप्नाची हजेरी घेतली. फ्रीडन डेटनला व्याख्यान द्यायला आल्या तेव्हा शेजारणींबरोबर बॉम्बेकबाईही ऐकायला गेल्या होत्या. या विषयात हसण्यासारखं काही नाही, अशी समज तिथे श्रोत्यांना मिळाली. बॉम्बेकबाईंचं म्हणणं त्यांनी नंतर सांगितलं, ते असं की आम्हांला आधी हसायलाच हवं होतं, रडणं पुढे येणार होतं.

आणि त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. स्त्री-पुरुषांना समान हक्क देणारी घटनादुरुस्ती अमेरिकन काँग्रेसने १९७२ साली संमत केली होती. ती अमलात यायला ३८ राज्यांची मान्यता लागत होती. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस बॉम्बेकबाई या दुरुस्तीसाठी गावोगाव फिरल्या. त्यांचं भाषण ऐकायला येणाऱ्यांत त्याच बायका होत्या, ज्यांच्या फ्रिजवर त्यांचे स्तंभ होते. काही दुकानांनी त्यांची पुस्तकं फळीवरून काढून टाकली. इतकी वर्षं धुण्याच्या ढिगाऱ्यावर हसणं चाललं होतं. तो ढिगारा कुणी उपसायचा असं विचारताच काहींना बाई परकी वाटली. मुदत वाढवूनही १९८२च्या जूनपर्यंत ३५ राज्यंच झाली आणि दुरुस्ती अडली.

हा पराभव बॉम्बेकबाईंना फार लागला. तरी १९९६ साली त्यांचं निधन होईपर्यंत स्तंभ चालू राहिला आणि बहुतेक वाचकही टिकले. ज्या वाचकांनी त्यांचं भाषण ऐकून घेतलं, त्यांनी एखादी पत्रकं वाटणारी कार्यकर्ती दारातूनच परत पाठवली असती. बॉम्बेकबाईंना त्यांनी आत बसवलं, कारण या बाईने आपला पसारा आधी पाहिला होता आणि नाक मुरडलं नव्हतं. ही जवळीक फ्रीडन यांच्या पुस्तकाला कधी लाभली नाही. समान हक्कांच्या लढ्याला त्या पुस्तकातला विचार जितका हवा होता, तितकीच बॉम्बेकबाईंची ही शेजारधर्माची ओळखही हवी होती.