परिक्रमेची झोळी



कार्तिक शुद्ध एकादशीस देव जागे होतात आणि नर्मदेच्या दोन्ही तीरांवर परिक्रमावासींची वाटचाल पुनः सुरू होते. चातुर्मासात एका ठिकाणी थांबलेले पुढे निघतात, नवे यात्रेकरू ओंकारेश्वरी संकल्प सोडतात. आम्हां भोपाळकरांना मैया दूर नाही. २०२२ पासून नर्मदापुरम् म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होशंगाबादचा सेठानी घाट एका दिवसात जाऊन येण्याजोगा आहे. इतकेच काय, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी नळाला येते ते पाणीही तिचेच. त्यामुळे परिक्रमेचा विषय घरोघरी निघतो, आणि तो निघाला की पहिला प्रश्न हाच असतो: बरोबर काय घ्यावे? हा प्रश्न वरवर सामानाचा दिसतो. वस्तुतः तो धर्माचा आहे.

अमरकंटकापासून खंबातच्या आखातापर्यंत नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही तीर चालावयाचे म्हणजे अडीच हजार किलोमीटरांहून अधिक वाट झाली. नदी सदैव उजव्या हाताला ठेवावयाची, प्रवाह ओलांडावयाचा नाही, आणि वाटेत जो शिधा वा जे अन्न मिळेल त्यावर निर्वाह करावयाचा, असा दंडक आहे. जुन्या रीतीने हे व्रत तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांचे मानले आहे. एवढ्या वाटेवर जे न्यावयाचे ते स्वतःच्याच पाठीवर न्यावयाचे असते.

या प्रसंगी माणसे दोन प्रकारची दिसतात. एक प्रकार सगळे घर पाठीवर घेऊ पाहतो. चार जोड कपडे, लाडू-चिवड्याचे डबे, न जाणो लागेल म्हणून आणखी काही. दुसरा प्रकार याच्या उलट. ‘मैया देईल’ असे म्हणून तो रोजच्या औषधाची पुडीदेखील घरी ठेवतो आणि त्यालाच श्रद्धा समजतो. पहिल्याचा विश्वास केवळ आपल्या डब्यांवर असतो, हे कोणाच्याही ध्यानात येते. परंतु दुसऱ्याची चूक अधिक सूक्ष्म आहे. रक्तदाबाची गोळी न घेतलेला हा गृहस्थ एखाद्या आडवळणाच्या पाड्यावर कोसळतो, तेव्हा ज्याच्या स्वतःच्या घरी दोन वेळची भ्रांत, तो शेतकरी त्याला खाटेवर घालून कोसचे कोस दवाखान्यापर्यंत नेतो. मैयाने दिले खरे; पण आपल्या हयगयीची किंमत एका गरिबाने मोजली. याला श्रद्धा कशी म्हणावी?

म्हणून झोळी भरताना एकच कसोटी लावावी, असे आम्हांस वाटते. जे दुसरा कोणी आपल्याला देऊ शकत नाही, ते अवश्य घ्यावे. जे दुसरा आनंदाने देतो, त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवावी. आणि जे सांभाळण्यातच चित्त गुंतते, ते घरी ठेवावे.

आपली औषधे, ती लिहून दिलेला कागद, जादा चष्मा, आधार कार्ड आणि घरच्यांचे फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी या वस्तू दुसरा देऊ शकत नाही. फोनची बॅटरी उतरते, चिठ्ठी उतरत नाही. कपड्यांचे दोन जोड, एक अंगावर व एक वाळत, पुरेसे होतात. घोंगडी किंवा कांबळे मात्र विसरू नये. पौष-माघात नदीकाठची रात्र कडाक्याची असते, आणि अमरकंटक तर हजार मीटरांहून उंच आहे. शिधा शिजविण्यास एक लहान पातेले, एक लोटा, विजेरी, जलसंजीवनीची चार पाकिटे, आणि पूजेचे नर्मदाजल ठेवण्यास घट्ट झाकणाची लहान कुपी असावी. पादत्राण नवे नको. पायाला सरावलेले हवे. साबण नदीत लावावयाचाच नाही, तेव्हा त्याचे ओझे आपोआप कमी होते.

मग ही झोळी पाठीस लावून पंधरा दिवस रोज सकाळी बड्या तलावाच्या काठाने तासभर चालावे. काय अधिक झाले आहे ते पाठच सांगेल. तिच्यासारखा निःस्पृह सल्लागार दुसरा नाही.

सोने, भारी घड्याळ, नोटांचे पुडके ही तिसऱ्या वर्गातली. पूर्वी शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासी लुटले जात, अंगावर लंगोटीही मोठ्या मुश्किलीने राही. लुटणाऱ्या भिल्लांना यात्रेकरू ‘मामा’ म्हणत; नर्मदा आई, तेव्हा हे आईचे भाऊ. आईच भावांकरवी आपला परिग्रह उतरविते, अशी त्यामागची भावना. आज ते पुराणे शूलपाणेश्वराचे मंदिर सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे, देवाची स्थापना गोऱ्याला झाली आहे, आणि त्या डोंगरांतल्या पाड्यांवर यात्रेकरूला भाकरी मिळते.

ती भाकरी घेताना एक गोष्ट ध्यानी असावी. याच खोऱ्यात २००४ साली इंदिरासागर धरणासाठी हरसूद हे अख्खे गाव उठले. आपण काय न्यावे याचा विचार सवडीने व स्वेच्छेने करतो. त्या माणसांना घराची दारे-खिडक्या, देव्हारा आणि पिढ्यांच्या आठवणी निरुपायाने बांधाव्या लागल्या. अशा खोऱ्यातले लोक अजूनही अनोळखी माणसाला ‘नर्मदे हर’ म्हणून घरात बोलावतात. तेथे खोळंबा करणारा, आजारपण ओढवून घेणारा किंवा चहा गोड नाही म्हणून कुरकुरणारा पाहुणा होऊन जाणे हे पातक होय.

आणखी एक तयारी झोळीत मावत नाही. निघण्यापूर्वी घरची निरवानिरव करावी. देणे असेल ते फेडावे, कागदपत्रे मुलांना दाखवावीत, आणि ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्या दारी जाऊन यावे. श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबेस्वामी दंड-कमंडलू घेऊन भारतभर पायी फिरले आणि १९१४ साली नर्मदातीरी गरुडेश्वरी समाधिस्थ झाले. ते संन्यासी, त्यांना मागे ठेवण्यासारखे काही उरले नव्हते. आपण गृहस्थ. आपल्या मागे माणसे उरतात, आणि त्यांना चिंतेत टाकून गेलेल्याचे मन पहिल्याच मुक्कामावरून घराकडे वळते.

घरातील वडील मंडळी जाणार असतील तर मुलांनी ‘या वयात कशाला?’ म्हणून अडवू नये. त्यांची झोळी त्यांच्या शेजारी बसून भरावी, आणि औषधांच्या पुड्यांवर वेळा मोठ्या अक्षरांत लिहाव्यात. हीही सेवाच होय. ज्यांना पायी परिक्रमा शक्य नाही, त्यांनी दोन दिवसांच्या ओंकारेश्वरासाठी हीच कसोटी लावून पाहावी. झोळी हलकी झाली म्हणजे हात मोकळे राहतात, आणि मोकळ्या हातांनीच देता येते, घेताही येते.

नर्मदे हर!